परसात लिंबू, मोसंबी, संत्रं की पपनस? जमीन चुनखडीची आहे, काय लावू?

रानजाई
नमस्कार मंडळी. संगमनेरजवळ गावाला आमचं घर आहे, घरामागे साधारण २५ बाय ३५ फुटाची मोकळी जागा आहे, दक्षिणेला काही आडोसा नाही त्यामुळे ऊन दिवसभर मिळतं, पश्चिमेला शेजाऱ्यांची भिंत. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तिथे लिंबूवर्गातली तीन-चार झाडं लावायचीत. सासूबाईंना लिंबू हवंच आहे, रोजच्याला आणि लोणच्याला, सासरे मोसंबीवर अडून बसलेत आणि मुलांना संत्रं पाहिजे. मला स्वतःला पपनस फार आवडतं, पण आमच्या हवेत ते येतं का?

जमीन काळी आहे, वरची दीड-दोन फूट, खाली मुरूम लागतो आणि कुठेही खणलं की मातीतून चुनखडीचे पांढरे खडे निघतात. पाणी बोअरचं, जड, बादलीला पांढरा थर धरतो. आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यात पाणी दोन-तीन दिवस साचून राहतं.

आता खरी अडचण सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी सासऱ्यांनी बाजारातून मोसंबीचं कलम आणून लावलं होतं. सुरुवातीला चांगली मोसंबी यायची म्हणतात, मग एका उन्हाळ्यात झाड वाळलं आणि बुडातून परत फुटलं. आता ते एवढं दांडगं झालंय की विचारू नका, फळंही भरपूर, पण ती मोसंबी नाहीच. पिवळी, साल खडबडीत आणि जाड, देठाकडे मान आल्यासारखी, आत बियाच बिया आणि चव आंबट. काटे असे की हात घालायची सोय नाही. सासरे म्हणतात माती बिघडली म्हणून मोसंबीची जात पालटली. असं होतं का खरंच? झाड ठेवावं की काढावं?

दुसरं म्हणजे त्याच्या शेजारीच कढीपत्त्याचं मोठं झाड आहे आणि पावसाळ्यात दोन्हीकडे हिरव्या अळ्या पडतात, चार दिवसांत शेंडे साफ. आणि तिसरं, लिंबू बी टाकून लावू की कलम आणू? जाणत्यांनी जरा सविस्तर सांगा.


वरूडची_लेक
ताई, जात पालटत नसते. तुमची मोसंबी त्या उन्हाळ्यात गेली आणि आज जे उभं आहे तो तिचा खुंट आहे. तुम्ही जे वर्णन केलंय ना, खडबडीत पिवळी साल, देठाकडे मान, बिया आणि काटे, ते सरळ जंबेरीचं आहे. आपल्याकडे मोसंबी आणि संत्र्याचे डोळे जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या रोपावर भरतात, म्हणजे फांदीवरचा कोंब काढून त्या रोपाच्या सालीत बसवतात, मुळं जंबेरीची आणि वरचा भाग मोसंबीचा. वरचा भाग मेला की खालचा जंबेरी जोर करतो, तो मूळचा रानटी अंगाचा, त्यामुळे वाढतो पण धडाक्यात. खात्री करायची असेल तर आता कळ्या येतील तेव्हा बघा, मोसंबीची कळी पांढरीशुभ्र असते आणि जंबेरीच्या कळीवर बाहेरून जांभळट झाक असते, कोवळी पालवीही तशीच जांभळट. एवढ्यावरून लगेच ओळखू येतं.

काढायची घाई करू नका. आधी बुंध्यापाशी माती बाजूला करून साल बघा, डिंक ओघळलेला आहे का, साल नखाने खरवडली तर आत हिरवट-पांढरी निघते की तपकिरी कुजकी. बुंधा निरोगी असेल तर हिवाळ्याच्या शेवटी झाड दोन-तीन जाड फांद्यांवर छाटून घ्या, त्यावर जे धुमारे येतील ते पेन्सिलीएवढे झाले की पुढच्या हिवाळ्यात त्यांच्यावर चांगल्या मोसंबीचे डोळे भरून घेता येतात. आमच्याकडे डोळे भरणारे लोक नोव्हेंबर ते जानेवारी हेच काम करतात, तुमच्याकडेही कलमवाला मिळेल. मुळं आठ-नऊ वर्षांची तयार आहेत, नव्या रोपापेक्षा फळ लवकर मिळतं. पण डिंक असेल तर मोह सोडा, मुळासकट काढा आणि त्याच खड्ड्यात परत लिंबूवर्गातलं झाड लावू नका.

नवीन कलम घेताना ज्या गोष्टी आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलेय त्या सांगते (वरूड-शेंदुरजनाघाट भागात घरोघरी संत्र्याच्या कलमांचं काम चालतं). कलम हातात घेतलं की पहिल्यांदा पानं बघू नका, जोड बघा. डोळा जमिनीपासून निदान वीतभर, खरं तर नऊ-दहा इंच वर भरलेला पाहिजे. बरेच जण अगदी खाली दोन-तीन इंचावर भरतात कारण ते सोपं पडतं, असं कलम फुकट दिलं तरी घेऊ नका, लावलं की वर्षभरात माती चढून जोड मातीत जातो, मग डिंक्या (बुंध्यातून डिंक गळायचा रोग) आलाच समजा. जोडाशी गाठ किंवा खाच नको, खुंट आणि कलम जवळपास सारख्या जाडीचे हवेत. जोडाच्या खालून फुटलेला प्रत्येक धुमारा लहान असतानाच हाताने ओरबाडून काढायचा, कात्रीने कापला तर तिथूनच परत फुटतो. तुमच्या सासऱ्यांच्या झाडाचं नेमकं हेच राहून गेलं असणार.

आणि खुंट कोणता ते विचाराच. तुमच्या जमिनीत चुनखडी आणि पाणी जड, तिथे जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबावरचं कलम जास्त टिकतं, क्षार आणि चुना दोन्ही तो बरा सोसतो. नर्सरीवाल्याला खुंट सांगता येत नसेल तर दुसरी नर्सरी बघा. विद्यापीठाच्या किंवा संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेतून घेतलेलं सगळ्यात बरं, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ तुम्हाला जवळ आहे. मोसंबी न्यूसेलर जातीची मागा.

संत्र्याबद्दल मात्र मनापासून सांगते, नका लावू. मी संत्र्याच्या गावची आहे तरी सांगते. चुनखडीत संत्र्याची पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी होत जातात, फांद्या शेंड्याकडून वाळतात आणि मुलांना हौसेने दाखवलेलं झाड पाच-सहा वर्षांत डोळ्यांसमोर जातं.


काळी_माती
श्रीगोंद्याकडचा आहे, घरची लिंबाची बाग आहे त्यामुळे लिंबाबद्दल सांगतो, वरूडच्या ताईंनी कलमाचं सगळं बरोबर सांगितलंय.

कागदी लिंबू बियांपासून लावलं तरी चालतं. लिंबाच्या एका बीतून दोन-तीन कोंब निघतात, त्यातले बहुतेक थेट आईच्या झाडाच्या अंगाचे असतात म्हणून रोप आईसारखंच निपजतं, आमच्याकडच्या बागा बऱ्याचशा अशा रोपांच्याच आहेत. बी ताजं पाहिजे, वाळवून ठेवलेलं उगवत नाही. एका बीतून आलेल्या कोंबांपैकी सगळ्यात बारीक आणि वेगळा दिसणारा उपटून टाकायचा. बियांच्या लिंबाला दहा वर्षं फळ येत नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही, चांगली निगा असली तर चौथ्या-पाचव्या वर्षी लिंबं लागतात. पण तुम्हाला लिंबाची एक-दोनच झाडं लावायची तर बी कशाला टाकत बसता, राहुरीहून साई सरबती किंवा फुले सरबतीची रोपं आणा, साई सरबती खैऱ्या रोगाला बरीच दाद देत नाही. परभणीच्या विक्रम आणि प्रमालिनी या जातीही चांगल्या, घोसाने लागतात.

आता जमिनीचं. ताई, तुमचा सगळा प्रश्न पाण्याचा आहे. जिथे दोन-तीन दिवस पाणी साचतं तो कोपरा या झाडांसाठी नाही म्हणजे नाही, तिथे केळ लावा. बाकीच्या जागेतही खड्डा करून झाड खड्ड्यात बसवू नका. काळ्या जमिनीत खड्डा म्हणजे पावसाळ्यात भरलेलं टाकं. तीन बाय तीन फूट खड्डा घ्या, मे महिन्यात तापू द्या, भरताना खालचा मुरूम परत घाला, चुनखडीचे मोठे खडे वेचून टाका, माती आणि कुजलेलं शेणखत, दोन किलोभर निंबोळी पेंड, आणि भरून झाल्यावर वर फूटभर उंचवटा येऊ द्या. रोप त्या उंचवट्यावर लावायचं. पाऊस पडून माती बसते तेव्हा ते बरोबर जमिनीच्या थोडं वर राहतं.

पाणी द्यायला दुहेरी आळं करा. बुंध्याभोवती हातभर अंतरावर मातीची एक गोल वरंबी, म्हणजे आत पाणी शिरणार नाही, आणि तिच्या बाहेर झाडाच्या सावलीच्या कडेला दुसरी. पाणी फक्त या दोघींच्या मध्ये. पाणी पिणारी तंतुमुळं तिथेच असतात, बुंध्यापाशी ओतलेलं पाणी झाडाच्या काही कामाचं नाही, उलट तिथली साल कायम ओली राहिली की बुरशी शिरते, डिंक येतो आणि झाड बसतं. लिंबूवर्गाची जेवढी झाडं रोगाने आणि किडीने मरतात त्याहून जास्त ओल्या बुंध्याने मरतात असं माझं स्पष्ट मत आहे.

बोर्डो पेस्ट दरवर्षी दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि संपल्यावर. घरच्या चार झाडांना १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी पुरतं. मोरचूद निम्म्या पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्री भिजत घाला, लोखंडी भांडं चुकूनही नको. चुना दुसऱ्या भांड्यात उरलेल्या पाण्यात विरवून गाळून घ्या. मग दोन्ही एकत्र ओतत काठीने ढवळत राहा, आकाशी रंगाची दाट पेस्ट होते. त्यात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा, खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, थोडा घाला आणि परत बघा. खिळा कोरा निघाला की ब्रशने जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत बुंध्याला लावा. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी तिचा उपयोग नाही.

खैऱ्या रोग म्हणजे पानांवर आणि फळांवर खरबरीत तपकिरी फोड, पानावर फोडाभोवती पिवळं वलय. तो पावसाच्या शिंतोड्यातून पसरतो. पावसाआधी रोगट फांद्या छाटून जाळून टाका आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला तीन ग्रॅम फवारा, नवीन पालवी आली की परत.


रानजाई
केवढं लिहिलंत दोघांनी, खूप आभार. काल संध्याकाळी बुंध्यापाशी माती उकरून बघितली, डिंक नाही आणि साल आतून हिरवी आहे. कळ्याही आल्यात आणि त्यांच्यावर जांभळट रंग आहे, सासऱ्यांना नेऊन दाखवल्या, ते बराच वेळ झाडाकडे बघत उभे होते, मग म्हणाले डोळे भरणारा शोधा.

काळी_माती दादा, आमच्याकडे सासूबाई रोज सकाळी भांडी विसळलेलं पाणी झाडांच्या बुडाशी ओततात, ते बंद करायला सांगू का? आणि घरात आम्ही पाण्यासाठी सॉफ्टनर बसवलाय, त्याचं मऊ पाणी बोअरच्या जड पाण्यापेक्षा झाडांना बरं पडेल ना? शिवाय फिल्टरचं वाया जाणारं पाणी आहेच.


काळी_माती
सॉफ्टनरचं पाणी अजिबात नको ताई. त्या मशीनमध्ये मीठ घालतात ना, ते पाण्यातला चुना काढून त्याच्या जागी सोडियम देतं. साबणाला फेस येतो पण काळी माती सोडियमने चिकट आणि घट्ट होते, मग पाणी मुरत नाही. त्यापेक्षा बोअरचं पाणी परवडलं. फिल्टरच्या वाया जाणाऱ्या पाण्यात तर क्षार बोअरपेक्षा जास्त, ते फरशी पुसायला वापरा. जमलं तर छपराचं पावसाचं पाणी एखाद्या टाकीत साठवा, ते या झाडांना अमृत.

सासूबाईंना पाणी बंद करायला सांगू नका, जागा बदलायला सांगा. साबणाचं नसेल तर ते पाणी अळूला नाहीतर केळीला द्या. आणि माती तपासून घ्या, बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्या वाटेवर आहे. सामू (pH) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असेल तर उत्तम, आठच्या पुढे गेला आणि मुक्त चुना जास्त निघाला तर मोसंबीचाही विचार परत करा. तोपर्यंत घरी एक करा, वाळलेल्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. जोरात फसफसलं की चुना भरपूर. परसातल्या तीन-चार जागची माती अशी बघा आणि जिथे कमी फसफसेल तिथे मोसंबी, जास्त तिथे लिंबू.


लाल_माती
मी कुडाळचा. रानजाई ताईंनी पपनसाचं नाव काढलं आणि कोणी त्यावर बोललंच नाही म्हणून लिहितोय. पपनस लावाच. आमच्याकडे जांभ्या मातीत, एवढ्या पावसात, ते न सांगता येतं, चतुर्थीला माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगतात त्या सजावटीला, पपनस टांगल्याशिवाय आमचा सण होत नाही, गोव्यात त्याला तोरंज म्हणतात आणि माटोळीत ते पाहिजेच. उलट कागदी लिंबू आमच्याकडे फार कष्टाचं, पाऊस एवढा की खैऱ्या झाड सोडतच नाही, पानं गळून नुसत्या काड्या उरतात. त्यामुळे कोकणातल्या कोणी हा धागा वाचून लिंबू लावणार असेल तर बिनबियांचं लिंबू बघा, त्यावर हा रोग त्या मानाने कमी येतो, फळ मोठं, रस भरपूर, वास मात्र कागदीचा नाही.

पपनसाला दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, बियांचं लावू नका. लिंबाचं जे वर सांगितलं ते पपनसाला लागू नाही, त्याच्या बीतून एकच रोप येतं आणि ते आईसारखं निघेल याचा भरवसा नाही, गोड गुलाबी पपनसाच्या बीतून कडवट, जाड सालीचं फळ निघतं आणि ते कळायला आठ वर्षं जातात. ज्या झाडाचं फळ खाऊन बघितलंय त्याचीच गुटी किंवा डोळ्याचं कलम आणा. गुटी पावसाळ्यात बांधायची, बोटाएवढ्या जाडीच्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळायचं, दीड-दोन महिन्यांत मुळ्या दिसतात.

दुसरं, त्याला जागा द्या. पंधरा-वीस फुटांचा घेर होतो. तुमच्या २५ फुटात पपनस, मोसंबी आणि दोन लिंबं म्हणजे दाटी होईल, एक लिंबू कमी करा. एका चांगल्या कागदी लिंबावर घर भागतं आणि शेजाऱ्यांनाही पुरतं.


गच्चीतली_बाग
पुण्यात गच्चीवर ड्रममध्ये लिंबू आणि महाळुंग आहे माझ्याकडे, जमिनीचं मला फार कळत नाही, पण अळ्यांचं सांगते कारण त्यांच्याशी रोजची ओळख आहे.

त्या लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या. काळ्या-पिवळ्या नक्षीचं मोठं फुलपाखरू शेंड्यांवर घिरट्या घालताना दिसलं की समजायचं. कोवळ्या पानावर एकेक फिक्या पिवळ्या रंगाचं मोहरीपेक्षा लहान अंडं घालतं. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरा पट्टा, म्हणून पटकन लक्षातच येत नाही, शेवटी हिरवीगार होते. हात लावला की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते, चावत वगैरे नाही, मुलांनीही उचलली तरी चालेल. कढीपत्ता, बेल, लिंबू, मोसंबी सगळं तिला सारखंच. म्हणून कढीपत्त्यावर जे जगतं तेच लिंबावर येणार.

औषध मारू नका. घरची दोन-तीन झाडं आहेत, पालवी फुटते त्या दिवसांत सकाळी चहा घेऊन जायचं आणि पानं उलटून बघायची, अळ्या हाताने उचलायच्या. मी त्या सगळ्या कढीपत्त्याच्या एका फांदीवर नेऊन सोडते, ती फांदी त्यांचीच ठेवलीय, मुलांना कोष होताना आणि फुलपाखरू निघताना बघायला मिळतं. मोठं झाड एवढी पानं सहज भरून काढतं. नवीन लावलेल्या वीतभर रोपाला मात्र पहिलं वर्षभर जपा, त्याची सगळी पालवी गेली तर ते सावरत नाही.

पानावर चंदेरी नागमोडी रेघा आणि पान मुडपलेलं दिसलं तर ती नागअळी, ती पानाच्या आत असते, हाताने काढता येत नाही. कोवळी पालवी निघताना निंबोळी अर्क फवारा, पान जून झाल्यावर काही करायची गरज नाही. आणि जी पानं मुडपलीत ती सरसकट तोडू नका, तीही झाडाला अन्न देतच असतात.


सातासमुद्रापार
मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, इथे बहुतेक घरांच्या मागे एक तरी मेयर लेमन किंवा संत्र्याचं झाड असतंच, आमच्याकडेही आहे. कढीपत्त्याचा विषय निघाला म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण हे वाचणारे आपले बरेच लोक परदेशात आहेत.

अळ्या सोडा, कढीपत्त्यावर सिट्रस सायला नावाची बारीक कीड राहते, तपकिरी, पानावर बसताना शेपटाकडची बाजू वर उचलून तिरकी बसते. ती ग्रीनिंग रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि त्या रोगाला औषध नाही. फ्लोरिडात तो २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. कॅलिफोर्नियात तो पहिल्यांदा २०१२ मध्ये सापडला तो शेतात नाही, लॉस एंजेलिसजवळ हॅसिएंडा हाइट्समध्ये एका घराच्या परसातल्या झाडावर. म्हणून गावाकडच्या लिंबाची काडी, पपनसाचा डोळा, कढीपत्त्याचं रोप, अगदी ताजी पानं पिशवीत घालून आणणं कृपा करून करू नका. आईच्या हातचा कढीपत्ता इथे असावा असं मलाही वाटतं, पण इथल्या परवानाधारक नर्सरीतून रोप घ्या.

रानजाई ताई, ग्रीनिंग आणि सायला भारतातही आहेत. पान अर्धं पिवळं अर्धं हिरवं, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे डाग असं दिसलं तर काळजी घ्या. झिंक किंवा लोहाची कमतरता असली तर पिवळेपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो.


वरूडची_लेक
हे शेवटचं फार महत्त्वाचं सांगितलंत दादा, लोक प्रत्येक पिवळ्या पानाला खत टाकत सुटतात. चुनखडीच्या जमिनीत मातीत जस्त-लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही, म्हणून ते पानांवरून द्यायचं. झिंक सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि त्यात त्याच्या निम्मा विरवलेला चुना, नाहीतर पानं करपतात, पालवी पूर्ण उघडली की फवारायचं.

काळी_माती दादा, एक विचारायचं होतं, ताईंनी लिंबाला ताण द्यावा, म्हणजे फुलं येण्यासाठी काही दिवस पाणी तोडावं, असं तुम्हाला वाटतं का? आमच्याकडे संत्र्याला ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही, पण घरच्या लिंबाला मी कधी तो सल्ला देत नाही.


काळी_माती
बागेत देतोच. आंबिया बहाराला डिसेंबरात पाणी तोडतो, जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात. मृग बहार जून-जुलैला. आणि हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरचा, त्याचं लिंबू एप्रिल-मेमध्ये निघतं, तेव्हाच सरबतामुळे भाव असतो. पण हस्ताच्या ताणाच्या वेळी पाऊस चालू असतो, झाडाला ताण बसत नाही, म्हणून हस्ताची फुलं कमी आणि म्हणून उन्हाळ्यात लिंबू महाग. मला वाटतं घरच्या झाडालाही हलका ताण द्यायला हरकत नाही, पानं जरा मलूल झाली की पाणी सुरू.


वरूडची_लेक
माझं मत वेगळं आहे दादा. बागेत तुम्हाला एकदम माल पाहिजे, गाडी भरून बाजाराला जायचंय. घरी सगळी लिंबं एकदम येऊन करायची काय? घरच्या झाडाला रोज दोन-चार लिंबं पाहिजेत आणि कागदी लिंबू नियमित पाणी मिळालं तर थोडंथोडं वर्षभर फुलत राहतं. शिवाय ताण किती झाला हे ओळखायला डोळा तयार लागतो, जमीन हलकी असेल तर आठवडाभरातच पानगळ होते. आणि ताणानंतर घाबरून एकदम भरपूर पाणी दिलं की आलेली फुलं आणि बारीक फळं सगळी गळतात. ताई, तुम्ही सारखं पाणी द्या, खाली वाळका पालापाचोळा पसरा, तोही बुंध्यापासून हातभर लांब.


काळी_माती
घरच्यासाठी म्हणाल तर पटलं. लिंबाला ताण नको. मोसंबीला मात्र डिसेंबरात पाणी कमी कराच, ती वर्षाला एकदाच घ्यायची असते.


रानजाई
ठरलं मग. जुन्या जंबेरीवर मोसंबीचे डोळे भरून घेणार, कलमवाला मिळालाय, छाटणीपासून तोच करणार आहे. कढीपत्त्याच्या विरुद्ध बाजूला एक साई सरबती आणि भिंतीपासून लांब एक पपनस. संत्रं नाही, मुलांना पपनसाचं सांगितलंय आणि एवढं मोठं फळ घरी लागणार म्हणून ती खूश आहेत. व्हिनेगर टाकून बघितलं, भिंतीकडची माती इतकी फसफसली की भीतीच वाटली, मधल्या पट्ट्यात अगदी कमी. पपनस तिथेच लावते. लाल_माती दादा, गुटीचं रोप तिकडून आणलं तर आमच्या कोरड्या हवेत टिकेल का, आणि कधी आणू?


लाल_माती
टिकेल. पण गुटी झाडावरून काढल्याबरोबर नेऊ नका, तिला मुळ्या असतात पण थोड्या, आणि पानं खूप. काढल्यावर निम्मी पानं कमी करून पिशवीत लावा आणि दोन-तीन महिने सावलीत राहू द्या, नवीन पालवी जून झाली की मगच प्रवास. गुटीला सोटमूळ नसतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं काठीचा आधार बांधा, तुमच्याकडे वारा जास्त असतो. तुम्हाला यंदाच लावायचं असेल तर मागच्या वर्षीची, पिशवीत वाढलेली गुटी मागा, कोकणातल्या नर्सरीत मिळते. मृगाचे दोन चांगले पाऊस होऊन जमीन गार झाली की लावा, आणि पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा करा. पहिल्या दोन वर्षांत फूल आलं तर खुडून टाका.


काळी_माती
आणि खड्डे आत्ताच घ्या ताई, मे अर्धा संपत आला.